एबीएसचा दिवा लागल्यावर: सेन्सरपासून स्थिरता नियंत्रणापर्यंत दुरुस्तीचा क्रम

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की सोलापुरातल्या गॅरेजांमध्ये एक ठरावीक तक्रार येऊ लागते. गाडी शेतातून, नाहीतर मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या एखाद्या कच्च्या रस्त्यावरून आलेली असते, चाकांच्या आतल्या बाजूला काळी माती थापल्यासारखी बसलेली असते आणि मीटरमध्ये एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागलेला असतो. तोवर गाडीवाल्याने कुठेतरी विचारलेले असते आणि त्याला उत्तरही मिळालेले असते, ‘‘सेन्सर गेलाय मालक, नवीन टाकावा लागेल.’’ प्रत्यक्षात सेन्सर शाबूत असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. कधी त्याच्या तोंडावर माती वाळून दगड झालेली असते, कधी वायर आतून तुटलेली असते, तर कधी बेअरिंग बदलताना झालेली चूक त्या दिव्याच्या रूपाने समोर आलेली असते. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर येणारा दोषाचा कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही, तर कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच सांगतो. तिथून पुढचे काम मोजणीचे आहे. नेहमीचे ब्रेकचे काम ज्यांना येते त्या कारागिरांसाठी, आणि आपल्या गाडीत नेमके काय केले जाते हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या मालकांसाठी, हा मोजणीचा क्रम पुढे देत आहे.

दिव्याचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. फक्त पिवळा एबीएस दिवा लागला असेल तर यंत्रणेने स्वतःतला दोष ओळखून स्वतःला बंद केलेले असते आणि साधे ब्रेक पूर्वीसारखे लागतात. मात्र जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गोष्ट गंभीर आहे. एकतर ब्रेक ऑइल कमी झालेले असते किंवा पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारे काम बंद पडलेले असते, आणि मग मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी चालवत आणायला सांगू नये, टो करून आणावी.

यंत्रणेची ओळख थोडक्यात अशी. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंद झाले, म्हणजे ते जाम होण्याच्या बेतात आहे, हे कंट्रोल युनिट ओळखते आणि बॉनेटखालच्या मॉड्युलेटरमधले व्हॉल्व्ह उघडझाप करून त्या एका चाकाचा दाब आधी रोखते, मग सोडते आणि पुन्हा वाढवते. चारही चाकांसाठी प्रत्येकी दोन असे आठ व्हॉल्व्ह साध्या एबीएसमध्ये असतात. स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत सहसा बारा असतात, कारण तिथे चालकाने ब्रेक दाबलेला नसतानाही पंपाने दाब तयार करून एकाच चाकाला ब्रेक लावावा लागतो. वळणावर गाडीची शेपटी बाहेर जाऊ लागली तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक आणि तोंड सरळ जाऊ लागले तर आतल्या बाजूचे मागचे चाक धरले जाते. त्यासाठी स्टिअरिंग किती फिरवले, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे आणि बाजूला किती ओढली जाते आहे, हे सांगणारे सेन्सर जोडीला असतात. इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आले आणि बॉश कंपनीच्या सहकार्याने १९९५ मध्ये स्थिरता नियंत्रण आले. आपल्याकडे २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाल्यामुळे आता छोट्यात छोट्या गाडीतही हे काम कारागिराच्या पुढ्यात येते.

गाडी उचलण्याआधी

पहिली तपासणी पाना हातात न घेता करायची असते. चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो की तसाच राहतो, हे पाहावे. चावी ऑन करताच दिवा कायम राहत असेल तर बहुधा दोष विजेचा असतो: वायर तुटलेली, शॉर्ट झालेली, फ्यूज गेलेला किंवा युनिटला सप्लाय नसलेला. दिवा विझून गाडी थोडी पुढे गेल्यावर पुन्हा लागत असेल तर सर्किट जोडलेले आहे पण चाकाचा सिग्नल येत नाही, असे समजून माती, सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी दात्यांची रिंग, बेअरिंग आणि सेन्सरचे अंतर यांकडे वळावे. या एका निरीक्षणाने निम्मे काम वाचते, पण घाईत तेच राहून जाते.

त्यानंतर बॅटरी पाहावी. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. पुरवठा १० व्होल्टच्या आसपास घसरला की युनिट काम थांबवते आणि दिवा लावते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या लवकर थकतात, त्यामुळे उन्हाळ्यात ही शंका आधी घ्यावी. एबीएसचे फ्यूज एकापेक्षा अधिक असतात. पंपाचा आणि व्हॉल्व्हचा मोठा फ्यूज बॉनेटखालच्या पेटीत, तर युनिटचा छोटा फ्यूज वेगळा असतो. फ्यूज डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये, त्याच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजावे. चारही टायर एकाच मापाचे आहेत का, मागचा ब्रेक लाईट पेडल दाबल्यावर लागतो का आणि पंक्चरमुळे लहान मापाची स्टेपनी बसवलेली आहे का, हेही विचारून घ्यावे. लहान चाक जास्त वेगाने फिरते आणि युनिटला ते चाकातला दोष वाटते.

कोड वाचणे आणि चालू आकडे पाहणे

इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे पुरत नाही. एबीएस युनिटशी बोलणारा स्कॅनर लागतो. कोड वाचल्यावर ताबडतोब पुसू नयेत. आधी सगळे कोड आणि त्यांच्यासोबत नोंदला गेलेला वेग व व्होल्टेज कागदावर लिहून घ्यावेत, मग पुसावेत आणि कोणता कोड परत येतो ते पाहावे. कोडमधले डावे-उजवे हे गाडीत पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या दृष्टीने असते. म्हणजे डावे म्हणजे क्लीनर साइड. गाडीच्या समोर उभे राहून काम करताना उलट चाक उघडले गेल्याचे प्रकार चांगल्या कारागिरांकडूनही होतात. दोन-तीन चाकांचे कोड एकाच वेळी आले तर तितके सेन्सर एकदम गेले असे समजू नये. सामाईक वायरिंग, कपलरमधले (वायरींच्या जोडणीच्या खटक्यातले) पाणी किंवा अर्थिंग तपासावे.

यानंतर चारही चाकांचा वेग पडद्यावर घेऊन, दुसरा माणूस गाडी चालवत असताना, सरळ रस्त्यावर २० ते ३० किलोमीटरच्या वेगाने जावे. तीन चाके सारखा आकडा दाखवतात आणि चौथे शून्यावर असते, किंवा मधूनच खाली पडून वर येते. शून्य दाखवणारे चाक सापडणे सोपे असते. मधूनच पडणारे चाक मात्र खड्ड्यावर पडते की स्टिअरिंग फिरवल्यावर, हे बारकाईने पाहावे, कारण खड्ड्यावर पडत असेल तर वायर किंवा ढिले बेअरिंग, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर पडत असेल तर सस्पेन्शनजवळ वाकणारी वायर, असा माग लागतो.

एक लक्षण दिव्याशिवाय येते आणि ते लोकांना फार घाबरवते. सिग्नलला गाडी थांबत असताना, शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पेडल पायाखाली थरथरते, कर्रर्र असा आवाज येतो आणि गाडी अपेक्षेपेक्षा थोडी पुढे जाते. कमी वेगात एका चाकाचा सिग्नल दुबळा पडतो, युनिटला ते चाक जाम झाल्यासारखे वाटते आणि ते विनाकारण दाब सोडते. ड्राईव्ह शाफ्टवरची दात्यांची रिंग गंज फुगून तडकलेली असणे, हे त्याचे नेहमीचे कारण आहे. ही तक्रार ‘चालायचेच’ म्हणून परत पाठवू नये.

सेन्सरची तपासणी

गाडी सपाट जागेवर उभी करून, चाकांना अडसर लावून, जॅकने उचलल्यावर स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालू नये.

सेन्सर दोन जातींचे असतात आणि दोघांची तपासणी वेगळी आहे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेची गुंडाळी असते आणि समोरून दाते गेले की तो स्वतः वीज निर्माण करतो. त्याचा कपलर काढून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजावा. तो बहुतेक गाड्यांत ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान असतो, पण नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा आणि तो हाताशी नसेल तर दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करावी. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरी या वेगाने फिरवल्यास काही दशांश व्होल्ट तरी दिसायला हवेत. रेझिस्टन्स बरोबर आणि व्होल्टेज नगण्य असेल तर सेन्सर आणि रिंग यांच्यातले अंतर वाढलेले असते किंवा मधे माती असते.

नव्या गाड्यांतला सेन्सर सक्रिय असतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असल्याने त्याचा रेझिस्टन्स मोजायचा नसतो; मीटरने ओहम पाहून ‘ओपन आहे’ असा निर्णय देणे ही चूक आहे आणि त्यापायी चांगले सेन्सर बदलले जातात. इथे कपलर काढून, चावी ऑन करून, युनिटकडून येणाऱ्या वायरवर सप्लाय मोजावा. बहुतेक गाड्यांत तो बॅटरीच्या जवळपास असतो. सप्लाय नसेल तर सेन्सर निर्दोष धरून वायरिंगकडे जावे. सप्लाय असेल तर मीटर मिलीअँपिअरवर ठेवून सेन्सरशी सिरीजमध्ये जोडावा आणि चाक अगदी सावकाश फिरवावे. आकडा ७ आणि १४ मिलीअँपिअर या दोन पातळ्यांमध्ये उड्या मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे. एकाच आकड्यावर अडकून राहिला तर सेन्सर किंवा त्याच्यासमोरची चुंबकीय पट्टी (तिच्याविषयी पुढे येतेच), या दोघांपैकी एक दोषी आहे.

वायर सहसा जिथे रोज वाकते तिथे तुटते, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या क्लिपजवळ. वरचे रबर शाबूत असते आणि आतले तांबे तुटलेले असते, म्हणून नुसते पाहून कळत नाही. मीटर जोडून वायर बोटांत धरून इंचाइंचाने वाकवत जावे. धान्याच्या गोदामाजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराने कुरतडलेल्या वायरीही सापडतात. तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळू नये. चाकाजवळच्या भागात जोड देण्यापेक्षा सेन्सर वायरसकट बदलणे योग्य. आतल्या बाजूला जोड द्यायचाच असेल तर सोल्डर करून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, दोन वायरींचा पीळ होता तसा राखावा आणि सगळ्या क्लिप जागच्या जागी बसवाव्यात.

सेन्सर काढताना वायरला धरून ओढू नये. बोल्ट काढून, गंज सोडवणारे तेल मारून, पंधरा-वीस मिनिटे थांबून, सेन्सर डावीकडे-उजवीकडे हलवत काढावा. काळ्या मातीचा एक स्वभाव इथे लक्षात ठेवावा: ती ओली असताना फटीत शिरते आणि वाळल्यावर आकसून घट्ट होते, त्यामुळे जोरात पाणी मारून ती निघाल्यासारखी दिसते, पण सेन्सरच्या भोकात आणि दात्यांच्या मधे राहते. ती भिजवून जुन्या टूथब्रशने एकेक दाता मोकळा करावा लागतो. सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो फडक्याने पुसावा, कानस लावू नये. सेन्सर बसण्याची जागा बारीक पॉलिश पेपरने साफ करावी, कारण तिथल्या गंजाचा पापुद्राही सेन्सरला मागे ढकलतो आणि एक मिलिमीटरच्या आसपासचे अंतर बिघडायला तेवढे पुरते.

बेअरिंगमधली चुंबकीय पट्टी

अनेक नव्या गाड्यांत दाते नसतात. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने असलेली चुंबकीय पट्टी बसवलेली असते. दिसायला ती साध्या काळपट रबरी सीलसारखी असते आणि म्हणूनच घोळ होतो.

अक्कलकोट रोडच्या बाजूने आलेल्या एका छोट्या गाडीचे काम मला यासाठी कायम आठवते. पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग दुसरीकडे बदललेले होते, तेव्हापासून दिवा लागत होता आणि मालकाने त्या चाकाचा सेन्सर दोनदा नवा टाकून घेतलेला होता. चावी ऑन केल्यावर दिवा विझायचा आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत पुन्हा लागायचा. सप्लाय बरोबर होता, वायर चांगली होती, पण चाक कितीही फिरवले तरी करंट एकाच आकड्यावर स्थिर. सेन्सर काढून त्याच्या भोकातून स्टेपलची एक पिन चिमट्यात धरून आत नेली. चुंबकीय पट्टी असती तर ती हलकेच ओढली गेली असती. ती ओढली गेली नाही. दुसऱ्या बाजूच्या चाकात तीच पिन अलगद चिकटली. बेअरिंग उलटे दाबले गेले होते आणि पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला गेली होती. दाबून बसवलेले बेअरिंग काढताना निकामी होते, त्यामुळे त्या माणसाला दोन सेन्सर आणि दोन बेअरिंग यांचा खर्च पडला. त्यानंतर मी बेअरिंग प्रेसवर ठेवण्याआधी दोन्ही बाजूंना पिन लावून पाहतो आणि पट्टीच्या बाजूवर मार्करने खूण करतो. त्या बाजूवर हातोडा मारू नये, आणि बेअरिंग टेबलावरच्या चुंबकी ट्रेमध्ये ठेवू नये.

पंप आणि युनिट

चारही चाकांचे आकडे बरोबर असून पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा कोड येत असेल, तेव्हाच मॉड्युलेटरकडे जावे. स्कॅनरने पंप काही सेकंद चालवून पाहावा आणि तो चालत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून पंपाच्या अर्थिंगपर्यंत व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टच्या वर गेले तर अर्थिंगचा बोल्ट उघडून घासून घट्ट करावा. महागडे युनिट बदलण्याआधी हे पाच मिनिटांचे काम नक्की करावे. युनिट खरोखर खराब असेल आणि जुने बसवायचे असेल तर पार्ट नंबर तंतोतंत जुळला पाहिजे आणि बहुतेक गाड्यांत स्कॅनरने कोडिंग करावे लागते. पाइप काढण्याआधी प्रत्येकावर खूण करावी, उघडी तोंडे लगेच स्वच्छ बुचांनी बंद करावीत. मॉड्युलेटरचा हायड्रॉलिक भाग उघडून आत साफसफाई करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

ब्रेक ऑइल आणि हवा काढणे

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो; आणि तुळजापूरचा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइलची वाफ झाली तर पेडल सरळ खाली जाते. पाणी धरलेले ऑइल मॉड्युलेटरच्या बारीक व्हॉल्व्हनाही गंजवते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच घालावे आणि सिलिकॉनचे डॉट ५ एबीएसच्या गाडीत वापरू नये. नवे पॅड टाकताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलण्याआधी मी कॅलिपरवरचे ऑइल-हवा सोडायचे निपल सैल करून तिथले काळे ऑइल नळीने बाहेर घेतो, जेणेकरून ती घाण उलट मॉड्युलेटरमध्ये जात नाही.

साध्या बदलात मॅन्युअलमधल्या क्रमाने चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली की पुरते. पण टाकी पूर्ण रिकामी झाली असेल किंवा मॉड्युलेटर बदलला असेल तर हवा आतल्या बंद व्हॉल्व्हांच्या मागे अडकते आणि पेडल कितीही मारले तरी स्पंजासारखे राहते. तेव्हा स्कॅनरमधली एबीएस ब्लीडिंगची प्रक्रिया चालवून, पंप आणि व्हॉल्व्ह फिरवत हवा काढावी, आणि शेवटी पुन्हा एकदा हाताने चारही चाके करावीत.

स्थिरता नियंत्रणाचा दिवा

एबीएस ठीक असून घसरत्या गाडीच्या चिन्हाचा दिवा लागत असेल, तर पहिला प्रश्न असा विचारावा: अलीकडे अलाईनमेंट केले का, बॅटरी काढली होती का, स्टिअरिंग उघडले होते का? अलाईनमेंट करताना स्टिअरिंग थोडे तिरके राहिले की गाडी सरळ जात असताना सेन्सर वळण दाखवतो आणि युनिटला हिशेब जुळत नाही. स्कॅनरवर सरळ रेषेत आकडा शून्याच्या अगदी जवळ असावा. आधी चाके आणि स्टिअरिंग यांत्रिकदृष्ट्या सरळ करावेत, त्यानंतरच शून्य बिंदू ठरवण्याची प्रक्रिया करावी. वाकडे स्टिअरिंग ठेवून स्कॅनरने शून्य दिले तर दिवा विझतो, पण यंत्रणा चुकीच्या पायावर काम करू लागते.

गाडीचे वळणे मोजणारा सेन्सर सहसा मधल्या कन्सोलखाली, काही गाड्यांत एअरबॅगच्या युनिटमध्येच असतो. तिथे आणि स्टिअरिंगखाली काम करताना चावी बंद करून, बॅटरी काढून, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबणे अनिवार्य आहे. सेन्सरवरच्या बाणाची दिशा पाहावी, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळावेत आणि शून्य देताना गाडी सपाट फरशीवर, कोणी आत न हलता उभी असावी. कन्सोलमध्ये सांडलेले पाणी किंवा चहा कपलरमध्ये उतरल्यानेही हा सेन्सर बिघडतो.

रस्त्यावरची चाचणी

कोड पुसल्यावर काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. गाडी २० किलोमीटरच्या पुढे जाऊन युनिटने चारही चाके पाहिल्यावर विझतो. पहिल्या किलोमीटरमध्येच बॉनेटखालून क्षणभर घर्र असा आवाज आला तर ती पंपाची स्वतःची तपासणी असते. ब्रेकची चाचणी भल्या पहाटे चिंचोळी एमआयडीसीसारख्या ठिकाणच्या मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना घ्यावी. आधी सावकाश वेगात ब्रेक सरळ लागतो का ते पाहावे, मग ३० ते ४० च्या वेगाने पेडल पूर्ण दाबून धरावे. पायाखाली ठोके जाणवावेत, गाडी सरळ राहावी आणि स्टिअरिंगला प्रतिसाद द्यावा. सैल खडी आणि चिखलावर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते, हे मालकाला तेव्हाच शेजारी बसवून सांगावे. पेडल थरथरले म्हणून पाय उचलू नका, दाबून धरा, हेही सांगावे.

मीटरमधला एबीएसचा दिवा दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडून ‘दुरुस्ती’ केलेल्या गाड्या अधूनमधून येतात. चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा एकदाही लागला नाही, किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबरच लागून त्याच्याबरोबरच विझला, तर पहिली शंका हीच घ्यावी आणि ती जोडणी मालकाच्या देखत काढून टाकावी. काम संपल्यावर बिलाच्या मागे आधीचे कोड, बदललेला भाग आणि चारही चाकांचे २० च्या वेगाचे आकडे लिहून द्यावेत, म्हणजे सहा महिन्यांनी दिवा पुन्हा लागला तर पुढच्या कारागिराला मोजणी त्या कागदापासून सुरू करता येते.